पावसाला न भिणारा कॅमेरा

आमच्या घरी पत्र्याच्या एका डबीत फिल्मचा जुना रोल आहे. त्यात छत्तीस फोटो आहेत. पण ते आजवर कुणी पाहिलेले नाहीत आणि पुढेही कुणाला दिसणार नाहीत. "मग टाकून का देत नाहीस गं?" असं माझी लेक लहानपणापासून विचारते. तिला मी त्या रोलची गोष्ट सांगितली, आणि त्या गोष्टीमुळेच गेल्या वर्षी आमच्या घरात कॅमेऱ्याचा शोध सुरू झाला. मित्रमैत्रिणींनो, तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

साल होतं १९९६. मी सातवीत होते. माझी आजी, म्हणजे आईची आई, दरवर्षी आषाढीला सोलापूरहून पंढरपूरला चालत जायची. सत्तरेक किलोमीटरची वाट. तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा आणि मग पंढरपूर. त्या वर्षी मी हट्टच धरला, "मीपण येणार!" मामाने मुंबईहून नवाकोरा कॅमेरा आणला होता. तो त्याने माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाला, "आईचे भरपूर फोटो काढ. तिचा एकच फोटो आहे आपल्याकडे, तोही स्टुडिओत खुर्चीवर बसून काढलेला. त्यात ती आई वाटतच नाही, शाळेच्या तपासणीला आलेल्या बाई वाटते!"

बाबांनी विचारलं, "पाऊस आला तर?"

मामा हसून म्हणाला, "सोलापुरात पाऊस कुठला हो दाजी?"

त्याचंही काही चुकलं नव्हतं. आपला जिल्हा दुष्काळी. आषाढातसुद्धा इथे ऊन तापतं आणि फुफाटा उडतो. कॅमेऱ्याला म्हणून मिळाली ती फक्त एक कापडी पिशवी.

रोल छत्तीस फोटोंचा. म्हणजे दिवसाला जेमतेम नऊ. एकेक फोटो मी जपून काढत होते. डोक्यावर तुळस घेतलेली आजी. झाडाखाली भाकरी सोडून बसलेली आजी. फुगडी खेळताना पदर खोचणारी आजी. मंगळवेढ्याच्या पुढे रोल संपला. तो गुंडाळून घेतला, पण दुसरा रोल जवळ नव्हता, म्हणून कॅमेऱ्यातच राहू दिला. आणि त्याच दुपारी आभाळ फाटलं! आडोशाला ना झाड, ना छप्पर. तासभर आम्ही उभ्याने भिजलो. कापडी पिशवी तर टोपलीभर पाणी प्यायली. कॅमेरा हलवला की आतून डबक् डबक् आवाज यायचा.

घरी आल्यावर आम्ही आणखी एक चूक केली. रोल बाहेर काढला आणि दोन दिवस गच्चीवर उन्हात वाळवला. स्टुडिओतल्या काकांनी तो पाहिला आणि कपाळावर हात मारला. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो. तो ओला झाला की फुगतो आणि फिल्म गुंडाळलेली असताना सुकला की शेजारच्या वेढ्याला डिंकासारखा चिकटतो. "वाळवायचा नव्हता पोरी. तसाच ओला, पाण्यात बुडवून आणायचा होता. निदान काही फोटो वाचले असते." त्यांनी अंधाऱ्या खोलीत रोल उलगडायचा प्रयत्न केला, तर पापुद्रेच निघायला लागले. त्यांनी तो तसाच परत दिला.

पुढच्या आषाढीपर्यंत आजी राहिली नाही. मामा त्या रोलबद्दल कधी काही बोलला नाही. पण तो त्याने टाकूही दिला नाही.

आता गेल्या वर्षाची गोष्ट. माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे. मे महिन्यात एके दिवशी ती म्हणाली, "यंदा मी चालत जाणार पंढरपूरला. पुढच्या वर्षी गुडघे नेतात न नेतात." माझी लेक आठवीत. तिने लगेच हात वर केला. "आजी, मी येणार. आणि फोटो मी काढणार!"

मामा तिथेच बसला होता. त्याने खिशातून पाच हजार रुपये काढले आणि लेकीच्या हातावर ठेवले. "भिजला तरी चालेल असा कॅमेरा घ्या. या वेळी पावसाला विचारून निघायचं."

तुम्ही म्हणाल, कॅमेरा कशाला? फोन आहे की! लेकही आधी हेच म्हणाली. हल्लीच्या पुष्कळ फोनवर 'आयपी ६८' असं लिहिलेलं असतं. यातला पहिला आकडा धुळीचा. ६ म्हणजे धूळ आत अजिबात जात नाही. दुसरा आकडा पाण्याचा. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून जास्त, पण किती ते बनवणाऱ्याने सांगायचं. हे सगळं खरं, पण ही परीक्षा नव्या वस्तूची आणि स्वच्छ, स्थिर पाण्यात घेतलेली असते. शिवाय पडद्यावर पावसाचे थेंब पडले की फोनला बोट कुठलं आणि थेंब कुठला ते कळेनासं होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वारीच्या गर्दीत आजी चुकली, तर तिला शोधायला तोच फोन हवा. फोटो काढून काढून त्याची बॅटरी संपली तर? लेकीला पटलं.

मग तिने एक वही केली. एका बाजूला कॅमेऱ्याचं नाव, पुढे तो किती खोल पाण्यात चालतो आणि किती उंचीवरून पडला तरी टिकतो. तिची पहिली यादी अशी होती: निकॉनचा डब्ल्यू ३००, सन २०१७, पाणी ३० मीटर, पडणं २.४ मीटर. फुजीफिल्मचा एक्सपी १४०, सन २०१९, पाणी २५ मीटर, पडणं १.८ मीटर. ऑलिम्पसचा टीजी-६, सन २०१९, पाणी १५ मीटर, पडणं २.१ मीटर. याच टीजी घराण्यातला टीजी-७ हा २०२३ साली ओएम सिस्टिम या नावाने आला.

"आई, तीस मीटरवालाच घेऊ. तोच सगळ्यात दणकट!"

"चंद्रभागा किती खोल आहे गं?" मी विचारलं.

ती गप्प झाली. मग हसली. "माझ्या गुडघ्याएवढ्याच पाण्यात जाऊ देशील तू."

झालं! तिथून खरी निवड सुरू झाली. सगळ्यात दणकट कोणता, हा प्रश्नच तिने खोडला आणि वहीत नवा प्रश्न लिहिला: 'आपण याला कुठे नेणार?' त्याखाली उत्तरं आली. पाऊस. चिखल. गुडघाभर पाणी. गर्दीत हातातून निसटणं. धूळ. आणि ऊन.

ऊन या शब्दाने मोठी गंमत केली. या दणकट कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत 'उणे १० अंश थंडीतही चालतो' असं ठळक लिहिलेलं असतं. लेक म्हणाली, "सोलापुरात उणे दहा कधी होणार?" मग ती माहितीपुस्तिका वाचत बसली, अगदी शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांपर्यंत. आणि ओरडलीच. "आई, हे बघ! वापरण्याचं तापमान उणे १० ते ४० अंश. चाळीस! आपल्याकडे मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस होतं!" बर्फाला न भिणाऱ्या कॅमेऱ्याला आपल्या सोलापूरच्या उन्हापासून मात्र सांभाळायला हवं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो ठेवायचा नाही आणि काळ्या पिशवीतही न्यायचा नाही. हे जाहिरातीत कुणी सांगितलं नव्हतं, बारीक अक्षरांनी सांगितलं.

आता अडचण पैशांची. नव्या कॅमेऱ्यांच्या किमती ऐकून माझे डोळे पांढरे झाले. वहीतले काही कॅमेरे तर आता बनायचेच बंद झालेत. शेवटी आम्ही कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या काकांकडे गेलो. त्यांच्याकडे एक पाच वर्षं वापरलेला दणकट कॅमेरा विकायला होता. १५ मीटरवाला. मामाचे पाच हजार आणि माझी थोडी भर, एवढ्यात जमणारा.

लेकीने आधी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "काका, याची भिंग बाहेर का येत नाही? इतर कॅमेऱ्यांची नळी कशी पुढे येते!"

काका खूश झाले. म्हणाले, "नळी पुढे-मागे झाली की फटीतून पाणी आणि धूळ आत जाणार. म्हणून यात भिंगाची नळी आतच आडवी झोपवलेली असते. समोर नुसती काच. प्रकाश आत शिरला की एका लोलकावर आपटून काटकोनात वळतो, पाणबुडीच्या दुर्बिणीत वळतो तसा. पण यासाठी सगळं आतून बारीक करावं लागतं. ज्यावर चित्र उमटतं तो भाग तुझ्या करंगळीच्या नखाहून लहान. म्हणून अंधारात फोटो जरा मुरमुऱ्यासारखा येतो. आणि लांबचंही फार जवळ येत नाही. उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी टिपायला जाशील, तर नुसते गुलाबी ठिपके येतील. त्यासाठी कॅमेरा वेगळा."

"आम्हाला आजी टिपायची आहे. ती जवळच असणार!" लेक म्हणाली.

पाण्यातल्या कॅमेऱ्यांचा इतिहासही काकांनी थोडक्यात सांगितला. लुई बूताँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९३ साली समुद्राखाली फोटो काढले, तेव्हा कॅमेऱ्यासाठी भलीमोठी जलाभेद्य पेटी करावी लागली होती. पुढे समुद्रसंशोधक झाक कूस्तो यांच्यासाठी जाँ द वूटर्स या बेल्जियन अभियंत्याने कॅलिप्सो नावाचा कॅमेरा घडवला. त्याला वेगळी पेटी लागायचीच नाही. निकॉनने तीच रचना घेऊन १९६३ साली निकोनॉस काढला. आणि जपानच्या कोनिकाने तर १९८०च्या दशकाच्या अखेरीस बांधकामावरच्या लोकांसाठी खास कॅमेरा केला, सिमेंट, धूळ आणि पावसाला न जुमानणारा. त्याचं नाव 'गेन्बा कान्तोकु', म्हणजे चक्क 'साइटवरचा मुकादम'!

मग मी मुद्द्याचं विचारलं. "काका, हा भिजून बंद तर पडणार नाही ना?"

काकांनी कॅमेऱ्याच्या बाजूचं छोटं दार उघडलं. आत बॅटरी, कार्ड आणि कडेने रबराची बारीक पट्टी. "हे बघा, माझ्याकडे पाणी जाऊन बंद पडलेले जेवढे दणकट कॅमेरे येतात, त्यांत पाणी भिंतीतून शिरलेलं नसतं. दारातून शिरलेलं असतं. दार नीट लावलेलं नसतं, नाहीतर रबरावर एखादा केस, एखादा वाळूचा कण असतो. तेवढी फट पाण्याला पुरते."

एका कणाने एवढं कसं होईल, असं तुम्हाला वाटेल. मग हा हिशेब करा. पाण्यात दर दहा मीटरला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब वाढतो. १५ मीटरवर दीड किलो. कॅमेऱ्याची पाठ ११ सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर रुंद धरा. म्हणजे ६६ चौरस सेंटिमीटर. गुणिले दीड. झाले ९९ किलो! तुमच्या तळहाताएवढ्या डबीवर तांदळाची पन्नास-पन्नास किलोंची दोन पोती ठेवल्यासारखं. एवढ्या जोराने ढकलणारं पाणी फट सोडेल होय?

काकांनी आणखी चार गोष्टी सांगितल्या. लेकीने त्या वहीत उतरवून घेतल्या. पहिली, रबर जुनं होतं. बनवणारे ते दर वर्षी बदलायला सांगतात. हा कॅमेरा पाच वर्षांचा, म्हणून त्यावर १५ मीटर लिहिलेलं असलं तरी याला खोल पाणी दाखवायचं नाही. पाऊस आणि गुडघाभर पाणी, बस्स. दुसरी, दोन मीटरवरून पडून टिकतो म्हणतात ती चाचणी बहुधा जाड प्लायवूडवर घेतात, घाटाच्या दगडी पायऱ्यांवर नव्हे. तिसरी, चिखलापाण्यातून आला की आधी दार बंद ठेवून स्वच्छ पाण्यात धुवायचा, कोरडा करायचा आणि मगच दार उघडायचं. समुद्रावर नेला तर हे विसरायचंच नाही, नाहीतर मीठ साचतं. आणि चौथी गोष्ट ऐकून तर आम्ही चकितच झालो. पाण्यात चालणारा म्हणजे पाण्यावर तरंगणारा नव्हे! हातातून सुटला की दगडासारखा तळाला. म्हणून मनगटाला तरंगणारा पट्टा हवा, तोही केशरी, लांबून दिसणारा.

पैसे देण्याआधी काकांनीच परीक्षा घ्यायला सांगितली. बॅटरी आणि कार्ड काढलं. आत रबराला लागणार नाही अशी टिपकागदाची छोटी घडी ठेवली. दार लावलं, खटका सरकवला आणि कॅमेरा पाण्याच्या बादलीत सोडला. दहा मिनिटं आम्ही तिघं बादलीभोवती उभे होतो, बारशाला पाळण्याभोवती उभे राहावं तसे. बाहेर काढला, पुसला, दार उघडलं. कागद कोरडा! लेकीने टाळ्या पिटल्या. पाच हजारांच्या वर माझे जे पैसे जाणार होते, ते मी आनंदाने मोजले.

आषाढ आला. आई, लेक आणि मी आमच्या पेठेतल्या बायकांबरोबर निघालो. पहिले दोन दिवस पावसाचा टिपूससुद्धा नाही. नुसती धूळ. माझ्या पापण्यांवर धूळ, आईच्या तुळशीवर धूळ. कॅमेरा मात्र आपल्या बंद दाराआड निवांत होता. लेक फोटो काढत होती, पण कुणाचाही जवळून काढण्याआधी "मावशी, काढू का?" असं विचारत होती. हा नियम तिच्या आजीचा. पंढरपुरात तर आजीने आधीच बजावलं होतं, नदीत आंघोळ करणाऱ्यांकडे कॅमेरा वळवायचा नाही.

मंगळवेढ्याच्या पुढे आभाळ भरून आलं. माझ्या पोटात गोळाच आला. अगदी तेच आभाळ, आणि बहुधा तोच रस्ता. सर कोसळली. बायकांनी प्लास्टिकचे कागद डोक्यावर ओढले. आईचा कागद वाऱ्याने उडाला, आणि तो पकडायच्या नादात ती हसत सुटली. लेक समोर उभी. तिच्या कपाळावरून पाणी ओघळतंय, कॅमेऱ्यावरून पाणी ओघळतंय आणि ती एकामागून एक फोटो काढतेय. मला ओरडावंसं वाटलं, "अगं, झाक तो!" पण झाकायचं काही कारणच नव्हतं.

पंढरपूरला पोचलो. आई गुडघाभर पाण्यात उभी राहून चंद्रभागेला नमस्कार करत होती. लेकीला पाण्याच्या पातळीवरून फोटो हवा होता. म्हणजे अर्धं पाणी, वर आजी. ती पाण्यात उतरून कॅमेरा बुडवणार, तेवढ्यात मला काकांचे शब्द आठवले.

"दार पाहिलंस?"

"खटका लागलाय गं."

"कार्ड कधी बदललंस?"

ती थबकली. सकाळी बदललं होतं. रस्त्याच्या कडेला बसून, भर धुळीत. ती काठावर आली. हात कोरडे केले, कॅमेरा पुसला आणि दार उघडलं. रबराच्या पट्टीवर, अगदी कोपऱ्यात, वाळूचा एक कण चमकत होता. तिने माझ्याकडे पाहिलं. दोघीही काही बोललो नाही.

आईने कमरेच्या पिशवीतून चष्म्याचं मऊ कापड काढून दिलं. पदर द्यायला ती विसरली नव्हती, पदराचे धागे सुटतात म्हणून तिने तो दिला नाही! कण पुसता पुसता ती म्हणाली, "यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे? कुकरच्या रिंगला एक शीत चिकटलं, तरी शिट्टी होत नाही. रोज पुसावी लागते." माहितीपुस्तिकेतली दोन पानं आईने एका वाक्यात सांगून टाकली. मग दार लागलं, खटका सरकला आणि फोटो निघाला.

घरी आल्यावर आम्ही काही फोटोंचे कागदावर प्रिंट काढून आणले. हे मुद्दाम. रोल असो की कार्ड, एकाच जागी ठेवलेली आठवण केव्हाही हरवू शकते. मामा संध्याकाळी आला. तो प्रिंट एकेक करून पाहत होता. नदीतला फोटो आला, "छान आहे" म्हणाला. मग पावसातला आला. कागद उडालेला, केस कपाळाला चिकटलेले, आई तोंड उघडून हसतेय.

मामा त्या फोटोपाशी थांबला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"ताई," तो आईला म्हणाला, "हसताना तू अगदी आईसारखी दिसतेस गं."

तो फोटो आता आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. पत्र्याची डबी मी त्याच्याच खाली ठेवली आहे. लेक आता ती टाकून दे म्हणत नाही. कॅमेराही तिथेच असतो, आणि दर रविवारी ती त्याचं दार उघडून चष्म्याच्या कापडाने रबराची पट्टी पुसते.